भुताचं पोस्टर घरात ठेवत नाहीत : सांगलीतल्या शोधाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४

वही आज सुरू केली. रंगभूमी दिन आहे, मुहूर्त म्हणून वाईट नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. त्या नाटकांत राक्षस यायचा तो राळेचा भपका उडवत, आरोळ्या ठोकत, आणि पुढची माणसं दचकून मागे सरकायची. हौसेनं घाबरायची सवय या गावाला जुनीच आहे.

शोधायचंय काय, तर भुताच्या पिक्चरची जुनी पोस्टरं. १९६० ते १९९० एवढा काळ धरलाय. मूळ छपाईची हवीत आणि शक्यतो आपल्याकडे लागलेली. आम्ही तिघे. मी ऑफसेट प्रेसमध्ये डीटीपी करतो, मला कागद आणि शाई कळते. सर मिरजेला चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत, त्यांना पिक्चर कळतात. तिसरा त्यांचा भाचा. त्याला यातलं काही कळत नाही, पण गाडी त्याची आहे.

यादीत पहिला नंबर ‘दो गज जमीन के नीचे’, १९७२. रामसे बंधूंचा. कारण भावनिक आहे. पिक्चरचं शूटिंग महाबळेश्वरला झालं. सगळं घरदार आणि युनिट तिथं नेऊन, डाकबंगल्यात राहून, कमी पैशात उरकलेला पिक्चर. सात भाऊ, त्यांत कुणी दिग्दर्शक, कुणी कॅमेऱ्यामागे, कुणी आवाजाला, कुणी एडिटिंगला. “कृष्णा जिथं उगवते तिथं तयार झालेला पिक्चर, आणि आपण खाली सांगलीत तिच्याच काठावर बसलोय,” असं सर दर दोन दिवसांनी म्हणतात.

दुसरा ‘हा खेळ सावल्यांचा’, १९७६. ‘रात्रीस खेळ चाले’ ऐकून अजूनही आमच्या घरात कुणीतरी उठून खिडकी लावतं.

तिसऱ्या ओळीत ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८). ही मिळतात, पण खोटी फार.

नियम एकच ठरला: सापडलेल्या वस्तूला घाईनं पाणी लावायचं नाही.

१० नोव्हेंबर

दिवाळीच्या साफसफाईची रद्दी आता गोडाऊनला येऊन पडलीय, म्हणून आज मार्केट यार्डाच्या बाजूची तीन गोडाऊनं पालथी घातली. बारावीची गाइडं, लग्नपत्रिका, हळदीच्या पोत्यांची लेबलं. पोस्टर एक मिळालं, ‘जय संतोषी माँ’चं, १९७५. हळदकुंकवाचे डाग, चारी कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं. देवघराच्या वर लावलेलं असणार.

रद्दीवाला मामा म्हणाला, “देवाची येतात की. हिरॉइनची पण येतात, सलूनवाले ठेवायचे. भुताची कोण घरात ठेवणार?”

गाडीत बसल्यावर सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, हेच कारण. अमेरिकेत जुनी पोस्टरं दुर्मीळ झाली, कारण खेळ संपला की ती परत जायची किंवा कचऱ्यात. आपल्याकडे खेळ संपल्यावर पोस्टराला दुसरा जन्म होता: पुस्तकाचं कव्हर, ट्रंकेचं अस्तर, फडताळाची पाठ, भिंतीचा ओलावा झाकायला. भुताच्या पोस्टराला तो जन्म मिळाला नाही. पोराच्या गणिताच्या वहीवर कवटी कुठली आई घालू देईल?

१९ नोव्हेंबर

उद्या मतदान. पंधरा दिवस प्रेसमध्ये पत्रकं आणि स्लिपा. काही झालं नाही.

२४ नोव्हेंबर

आज अण्णांकडे गेलो. अण्णांनी सांगलीत एका टॉकीजसाठी १९७० पासून वीसेक वर्षं पोस्टरं चिकटवली. वय आता सत्तरीच्या पुढं, पण शिडीवर उभं राहिल्यासारखे ताठ बसतात. दोन तास बोलले. मी फोन चालू ठेवला होता, तरी हातानंही लिहून घेतलं, कारण अण्णा बोलताना हातानं जे दाखवतात ते फोनला दिसत नाही.

पिक्चर बदलायचा शुक्रवारी, म्हणून चिकटवायचं काम गुरुवारी रात्री. प्रिंटची पेटी एसटीनं किंवा रेल्वेनं यायची, तिच्याबरोबर पोस्टरांचा गठ्ठा. साधं पोस्टर ३० बाय ४० इंच, म्हणजे आमच्या भाषेत डबल क्राउनच्या दुप्पट. मोठं ‘सिक्स शीट’ तुकड्यातुकड्यांत यायचं आणि भिंतीवर जोडायला लागायचं. “हिरोचं नाक हिकडं आणि मिशी तिकडं, असं एकदाच झालं,” अण्णा म्हणाले, “मालकानं सकाळी सायकलवरून येताना बघितलं.”

खळ घरी शिजायची. मैदा, पाणी, आणि चिमूटभर मोरचूद. मोरचूद घातला की उंदीर, झुरळ, कसर लागत नाही आणि खळ नासतही नाही. शेळ्यांचं मात्र काही खरं नसायचं. शेळी खालची कड धरून ओढायची आणि पोस्टर फाडत न्यायची. म्हणून अण्णांच्या पोस्टरांना जमिनीपासून कमरेएवढी उंची.

पोस्टराच्या तळाला गावातल्या प्रेसमध्ये छापलेली चिठ्ठी लागायची: टॉकीजचं नाव, कधीपासून, रोज किती खेळ. गुलाबी नाहीतर पिवळा कागद, लाकडी टाइप, पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर छपाई. पोस्टर मुंबईहून यायचं आणि सगळीकडे तेच. चिठ्ठी तेवढी सांगलीची. “चिठ्ठी सरळ पायजे,” अण्णांनी हवेत तळवा फिरवला. “खालनं चार बोटं सोडायची, मग चिठ्ठी. पोस्टर वाकडं चालतं, चिठ्ठी वाकडी न्हाई चालत. लोक चिठ्ठीच वाचत्यात.”

तुम्ही एखादं ठेवलं नाही का, हे विचारायला आम्ही तासभर थांबलो होतो. अण्णा हसले. “रोज रातच्याला त्येच चिकटवायचं, आन परत घरी पण त्येच?”

निघताना मात्र एक सांगितलं. टॉकीजच्या बाहेरच्या फळीवर जुन्यावर नवं असं चिकटवत चिकटवत थर चढायचा. जड झाला की फळी वाकायची. मग अण्णा कोयत्यानं कड सोडवून अख्खी खपली उपटून काढायचे. अशी एक खपली त्यांच्या मेव्हण्यांनी तासगावच्या मळ्यात नेली होती, गोठ्यात वारं अडवायला. “पन्नास वर्सं झाली. म्हस पण बदलल्या किती.”

१ डिसेंबर

गावभागातलं एक घर. आजोबा टॉकीजचे मॅनेजर होते, लोखंडी ट्रंक भरून पोस्टरं आणि काचेच्या चौकटीत लावायचे फोटोंचे संच होते, असं कळलं होतं. ट्रंक आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ती ट्रंक माळ्यावर होती आणि माळाही पाण्यात होता.

झाकण उघडलं तर आत एक वीट. खरंच वीट, गाळाच्या रंगाची, कागदाची. फोटोंचे संच आर्ट पेपरचे होते. आर्ट पेपरवर मातीचा गुळगुळीत थर असतो, तो भिजला की चिकट होतो आणि दाबाखाली वाळला की दोन कागदांचा एक कागद होतो. मग कुणाच्या बापाला सुटत नाही. ओला असताना दोन दिवसांत उघडला असता तर काहीतरी हाती लागलं असतं. पण त्या दोन दिवसांत त्या घरातली माणसं बोटीची वाट बघत गच्चीवर बसली होती.

काकू म्हणाल्या, “न्यायची असली तर न्या, नाहीतर पालिकेच्या गाडीत घालते.” आम्ही वीट आणली. कशाला, ते माहीत नाही.

येताना आयर्विनवर थांबून सरांनी जिल्ह्याचा भूगोल समजावला. नदीकाठच्या पश्चिमेला जे होतं ते २००५, २०१९, २०२१ नं नेलं. आता पूर्वेला जायचं. तासगाव, कवठेमहांकाळ, जत. जिथं टँकरची वाट बघतात तिथं कागद टिकतो.

८ डिसेंबर

फसलो. लिहून ठेवतो म्हणजे पुन्हा फसणार नाही.

‘वीराना’, ३० बाय ४०, ‘मूळ, घडीचं’ असं सांगून फोनवर फोटो पाठवले होते, मी २,८०० रुपये भरले. आज नळकांड्यात गुंडाळून आलं. पहिली शंका तिथंच. त्या काळची पोस्टरं घडी घालून यायची, घडीच्या रेषा असणारच. या पोस्टरावर रेषा होत्या. शाई तडकलेली, चार घड्यांच्या पांढऱ्या रेघा. पण बोट फिरवलं तर गुळगुळीत. घडी कागदात नव्हती, चित्रात होती. कुणीतरी खऱ्या पोस्टराचा स्कॅन काढून घडीसकट छापलेलं.

प्रेसमधलं भिंग लावलं. ऑफसेटला चार रंगांचे ठिपके ओळीनं बसतात आणि प्रत्येक रंगाचा कोन वेगळा, त्यामुळे ठिपक्यांची फुलं दिसतात. जुन्या कामात रजिस्टर, म्हणजे रंगावर रंगाची बसवण, हललेलं असतं, ओठाच्या बाहेर लाल सांडलेला असतो. इथं फुलं नव्हतीच. शाईची फवारणी, आणि तिच्याखाली स्कॅनमध्ये आलेल्या मूळ फुलांच्या धूसर जाळ्या. भुताचंही भूत.

माल का खोटा होतो, हे उघड आहे. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चं एक मूळ पोस्टर २०१७ साली अमेरिकेत लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेलं. तो आकडा ऐकून आपल्याकडच्या प्रत्येक भुताला भाव चढला. बायकोनं ते पोस्टर बघितलं आणि म्हणाली, खोटं असलं तरी घरात नको. प्रेसमध्ये मशीनमागे लावलंय.

१५ डिसेंबर

तासगाव. द्राक्षबागांत औषधाची फवारणी चालली होती, नाकाला फडकं बांधून गेलो. अण्णांच्या मेव्हण्यांचा गोठा अजून आहे. दगडी भिंत, वर पत्रा, आणि उत्तरेच्या बाजूला भिंत नाहीच, तिथं तरटं, एक जुना दरवाजा, आणि त्या दरवाजाला आतून तारेनं बांधलेली खपली.

मी आधी ती प्लायवूड समजलो. शेणानं सारवलेली, वर हळदीच्या पोत्याचा तुकडा शिवलेला. घरच्या मामींनी कड वर केली तेव्हा कडेला वह्यांच्या गठ्ठ्यासारख्या रेघा दिसल्या. पिवळी, तांबडी, निळी, पांढरी. मोजपट्टी लावली: ११ मिलिमीटर. लांबीला साडेतीन फूट, उंचीला दोन आणि काही इंच. खालचा भाग उंदरांनी नाही, शेळ्यांनी नेलेला. म्हणजे फळीवर असतानाच.

मामींनी सांगितलेलं जसंच्या तसं: “आणली तवा वरचं चित्र असलं भेसूर व्हतं, म्हसरं बुजायला लागली. मी म्हणलं, त्याचं तोंड दाराकडं करा. मग कधी बघितलंच न्हाई.”

तोंड दाराकडे. पन्नास वर्षं त्या चित्रावर ऊन नाही, धूर नाही, हात नाही. सारवण पाठीला. मोरचूद असल्यामुळे कसर नाही. आम्ही दार सोडवलं, खपली कांबळ्यात गुंडाळली आणि बदल्यात नवा पत्रा बसवून दिला. भाच्याची गाडी आज पहिल्यांदा उपयोगी पडली, कारण पत्रा टपावर होता.

१८ डिसेंबर

प्रेस बंद झाल्यावर कटिंगच्या टेबलावर खपली मांडली. वरचा थर ‘अंधेरा’, १९७५, रामशांचाच. अर्धाच आहे, पण रंग असा की काल छापलाय. मामींची म्हैस बुजली यात तिचा दोष नाही.

असं काम आधी कुणी केलंय का, हे सरांनी शोधलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेरविक गावात एका घराच्या माळ्यावरून अशीच जाड चळत निघाली होती. १९३० च्या दशकातली ३३ पोस्टरं, खळीनं एकमेकांना चिकटलेली. ती सुटी केली आणि २०१२ साली डॅलसला विकली, पाच लाख डॉलरच्या वर. त्यात ‘ड्रॅक्युला’ही होतं.

भाच्यानं लगेच विचारलं, आपल्याला किती येतील? सर म्हणाले, तुझ्या पेट्रोलचे येतील.

२२ डिसेंबर

पहिले चार थर सुटले. एक फाटला.

पद्धत अशी बसली. मैद्याची खळ पाण्यानं आणि उबेनं मऊ होते. फेव्हिकॉल असता तर आम्ही इथंच थांबलो असतो. टीपकागद गरम पाण्यात बुडवून पिळायचा, थरावर पसरायचा, वर पॉलिस्टरची फिल्म, वर काच. वीस मिनिटं. मग कपड्यांच्या वाफेच्या इस्त्रीनं कडेला लांबून वाफ, आणि बाइंडरकडची चपटी हाडाची पट्टी आडवी सरकवायची. वर उचलायचं नाही. वर उचललं की फाटतं. पट्टी पुढे जाते तेव्हा आवाज येतो, साय काढल्यासारखा. तो आवाज थांबला की हातही थांबवायचा.

फाटलेला थर माझ्यामुळे फाटला. आवाज थांबला होता, मला घाई होती, उद्या सकाळी दिनदर्शिकांचं काम होतं.

२९ डिसेंबर

सुटी. घरचे पुसेगावला यात्रेत गेले होते ते आले. दोन्ही दिवस टेबलावर. आणखी पंधरा थर झाले, एकूण कडेवरून मोजता येतात ते ४७. बहुतेक तुकडे: कुठं अमिताभचा कान, कुठं नुसतंच ‘ईस्टमन कलर’. भुताचं अजून दुसरं काही नाही. सर प्रत्येक तुकड्याला नंबर देतात आणि कुठल्या थराखाली कुठला, ते वहीत उतरवतात. मला ते वाण्याचं काम वाटत होतं. आज माझं मत बदललं.

अठराव्या थराला ‘बॉबी’. नक्की, नावच आहे.

५ जानेवारी २०२५

आज जे निघालं ते सावकाश लिहितो.

एकविसावा थर उचलला आणि खाली गुलाबी दिसलं. चिठ्ठी. आडवी, साधारण २८ इंच लांब, सहा इंच उंच, उजवीकडे थोडी कलती. तिच्यावरचं पोस्टर पूर्ण गेलेलं, शेळीनं किंवा पोरांनी ओढून नेलेलं. चिठ्ठीला मात्र वरून जादा खळ फासलेली, त्यामुळे चिठ्ठी राहिली आणि तिच्याखाली पोस्टराची तेवढीच पट्टी राहिली. चिठ्ठीवर काळ्या शाईत:

शुक्रवार ता. २१ पासून
दो गज जमीन के निचे
रोज ३ खेळ : ३, ६, ९

आणि खाली टॉकीजचं नाव. ‘निचे’ ऱ्हस्व. जुळाऱ्याकडे लाकडी टाइपात दीर्घ नी नसेल, किंवा त्याला हिंदीची पर्वा नसेल. ‘ग’ची दांडी मध्ये चिरलेली, आणि त्या चिरेत शाई लागली नाही म्हणून एक गुलाबी केस उभा राहिलाय. मी २२ वर्षं अक्षरं मांडतोय. एवढी सुंदर चूक मला कधी जमली नाही.

सर खुर्चीत बसले. भाचा म्हणाला, “पोस्टर कुठाय?”

कापसाच्या बोळ्याला थेंबभर पाणी लावून कोपऱ्याला टेकवलं. बोळा गुलाबी झाला. हा रंगीत कागद त्या काळी स्वस्तातल्या रंगानं रंगवायचे. पाणी लागलं की तो वाहणार आणि खालच्या पोस्टरावर उतरणार. म्हणजे चिठ्ठी भिजवून काढता येणार नाही. कोरडी काढायला गेलो तर ती फाटेल.

म्हणून उलट्या बाजूनं गेलो. अख्खी खपली पालथी केली आणि मागचे थर मागून ओले करत, एकेक सोडवत वर आलो. ओल चिठ्ठीपर्यंत पोचायच्या आत थांबायचं आणि टीपकागद बदलायचा. शेवटचा थर रात्री साडेअकराला सुटला. तो ‘जंजीर’.

हातात उरली ती चिठ्ठी आणि तिच्या पाठीला पोस्टराची पट्टी. काचेखाली ट्यूबलाइट लावून पाहिलं. गुलाबीतून गडद निळ्या, काळ्या शाईचे ढग दिसतात, आणि तळाला बारीक अक्षरांची ओळ. मुद्रकाचं नाव असणार. वाचता येत नाही.

१२ जानेवारी

प्रश्न: शुक्रवार, २१ तारीख. कुठला महिना, कुठलं वर्ष?

सरांच्या नंबरांचा उपयोग इथं झाला. चिठ्ठी ‘जंजीर’च्या वर आहे, म्हणजे नंतर लागली. ‘जंजीर’ मे १९७३ चा. आणि ‘बॉबी’च्या खाली आहे, म्हणजे आधी लागली. ‘बॉबी’ मुंबईत २८ सप्टेंबर १९७३ ला आला, सांगलीत त्यानंतर कधीतरी. मे १९७३ नंतर २१ तारखेला शुक्रवार येतो तो २१ सप्टेंबर १९७३, मग २१ डिसेंबर १९७३, मग थेट २१ जून १९७४. म्हणजे मुंबईत येऊन गेलेला १९७२ चा पिक्चर सांगलीच्या या फळीवर निदान पुढच्या वर्षी लागला.

अण्णांना फोन केला. ‘बॉबी’ आपल्याकडे कधी लागला? “संक्रांत. रांगेत लोक तिळगूळ वाटत हुती.” मग जून गेला. सप्टेंबर किंवा डिसेंबर.

फोन ठेवता ठेवता सर सहज म्हणाले, सप्टेंबर १९७३ मध्ये ती तारीख पितृपंधरवड्यात येते. त्या वर्षी दिवाळीची अमावास्या २६ ऑक्टोबरची, म्हणजे सर्वपित्री सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. अण्णांनी तिकडून ऐकलं. “मग सप्टेंबरच. पितरांत नवा पिक्चर कोण लावतंय? मालक जुना काढायचं. भुताचा असला तर बरंच, म्हणायचं.”

वहीत पेन्सिलीनं लिहिलं: २१ सप्टेंबर १९७३. पेन्सिलीनं, कारण अण्णांची संक्रांत आणि मालकाचा विनोद यावर तारीख ठरत नाही.

१९ जानेवारी

मुंबईहून चोरबाजारातल्या एका व्यापाऱ्याचा फोन. बातमी कशी पोचली देव जाणे. भाच्यानं स्टेटसला लावलं होतं, हे नंतर कळलं. बोलायला सभ्य. म्हणाले, ‘अंधेरा’चा अर्धा भाग घेतो. पट्टीही घेतो, पण चिठ्ठी काढून. पाण्यात टाका, दोन मिनिटांत सुटेल, खाली पहिल्या छपाईच्या मुद्रकाची ओळ निघाली तर किंमत पाच आकडी.

मुद्रकाची ओळ मलाही वाचायचीय. पुन्हा लागलेल्या पिक्चरला पोस्टरं कधी कधी दुसऱ्या प्रेसमधून, कमी रंगांत छापून घ्यायचे, त्यामुळे ती ओळच पुरावा. १९७३ च्या फळीवर १९७२ च्या छपाईचं पोस्टर असेल की पुन्हा छापलेलं, हे तिथंच लिहिलंय. गुलाबी कागदाच्या दीड केसाएवढ्या जाडीखाली.

मी म्हटलं, चिठ्ठी राहू दे. ते म्हणाले, चिठ्ठीला काय किंमत? बाजाराच्या दृष्टीनं काहीच नाही. जगात तो पिक्चर जिथं जिथं लागला तिथं हेच पोस्टर होतं. कुठंतरी, कुणाच्या तरी कपाटात, एखादं आख्खं निघेल. ‘निचे’ ऱ्हस्व असलेली चिठ्ठी दुसरी निघणार नाही. पण हे मी त्यांना बोललो नाही. नको म्हटलं आणि ठेवला फोन.

सर दिवसभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांना ती ओळ वाचायची होती.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून अण्णांना प्रेसमध्ये आणलं. पट्टी आता मिथाइल सेल्युलोजच्या खळीनं जपानी टिश्यूवर बसवलीय, पाठीला आधार मिळाला. वर पॉलिस्टर फिल्म. चांगला स्कॅन काढलाय, एक प्रत पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पाठवायची.

अण्णांनी चष्मा पुसला. वाचलं नाही, आधी नुसतं लांबून बघितलं, मग मान उजवीकडे कलती केली, चिठ्ठी कलतीय तेवढीच.

“ही माझी न्हवं.”

मी म्हटलं, टॉकीज तुमचंच आहे की.

“टॉकीज माझंच. चिठ्ठी माझी न्हवं. वाकडी हाय.” बोटानं हवेतच पट्टीच्या खालच्या कडेला मोजलं. “आन खाली जागाच सोडली न्हाई.”

मग बराच वेळ गप्प. टेबलाची कड धरून उभे होते. सरांनी खुर्ची दिली, बसले नाहीत.

“पितरांत मी गावी जायचो. आई सवाष्ण गेली. तिचं म्हाळ नवमीला, चुकवलं न्हाई कधी. मागं एक पोरगं ठेवायचो.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी वही ओढली आणि पेन्सिलीच्या तारखेवरून पेन फिरवलं.

अण्णा अजून चिठ्ठीकडेच बघत होते. “सांगून गेलतो त्येला,” ते म्हणाले, “चार बोटं सोड म्हणून.”